मागून येणारा आवाज

सातवीत असताना, जूनपासून दिवाळीपर्यंत, फिलो मिस आम्हाला रोज गणित शिकवत होत्या, आणि तरीही त्यांचा चेहरा मला नीट माहीत नव्हता. भाईंदर स्टेशनबाहेर भेटल्या असत्या तर कदाचित ओळखलंही नसतं. आवाज मात्र कुठेही ओळखला असता. आता त्या नाहीत. पण ऑफिसात मीटिंगमध्ये कुणी अचानक माझं नाव घेतलं, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, की आधी तो आवाज येतो. मागून.

कारण फिलो मिस वर्गाच्या मागे उभ्या राहून शिकवायच्या.

आमची शाळा मीरा रोडची, इंग्रजी माध्यमाची. दोन इमारतींच्या मध्ये उभी, मैदानाच्या नावाखाली फरशी घातलेलं अंगण. मी कायम शेवटच्या बाकावर, खिडकीकडच्या कोपऱ्यात बसायचे. मस्ती करायची म्हणून नाही. पाठीला भिंत असली की निदान एका बाजूची काळजी मिटते म्हणून. पहिल्याच तासाला मिस आत आल्या, टेबलावर बॅग ठेवली आणि बाकांच्या मधून चालत थेट मागे आल्या. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये उभ्या राहिल्या. माझी भिंत गेली.

सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला.

"माझ्याकडे न्हाय," मिस म्हणाल्या. "फळा पुढे हाय."

वर्ग फिसकन हसला. आमच्या वर्गात मराठी घरातली मुलं अर्ध्याहून कमी, पण 'हाय' आणि 'न्हाय'ला हसायला सगळ्यांनाच आलं.

"हसा. हाय, हाय, हाय. झालं? आता कोण लिहिणार फळ्यावर?"

असं त्यांचं काम. खडू मुलांच्या हातात. मिस मागून एकेक पायरी विचारणार, फळ्यापाशी उभं असलेलं कुणीतरी लिहिणार, चुकणार, पुसणार. गणित इंग्रजीत, रागावणं हिंदीत आणि स्वतःला विसरून रंगल्या की पालीची बोली. पाली म्हणजे उत्तनच्या बाजूचं, समुद्राकाठचं मच्छीमारांचं गाव. मिस तिथल्याच. रोज तिथून बसने भाईंदर आणि पुढे शाळा. नाव फिलोमिना, शाळेत फिलो मिस, गावात फिलूबाय.

हर्ष नावाचा एक बडबड्या मुलगा होता. इतर बाईंच्या भुवया बघून उत्तर बदलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. इथे फळ्यापाशी तो हैराण व्हायचा.

"मिस, राइट है क्या?"

"तू बता."

"आपका फेस दिखता तो पता चलता ना, मिस!"

"इसीलिए तो नहीं दिखाती."

तोच एकदा म्हणाला, "मिस की बॅग में से बोंबील की स्मेल आती है." वर्ग गार. मागून आवाज आला, "आती है, क्यों कि बोंबील है. मेरी भाभी ने दिया है. तेरी बॅग में से किसी चीज की स्मेल नहीं आती, टिफिन भी धोया हुआ लाता है क्या?" हर्षचा डबा रोज पहिल्याच तासाला रिकामा व्हायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो स्वतःच सगळ्यांत जास्त हसला.

मी हसले नाही. हसताना आवाज होतो. आवाज झाला की कुणीतरी बघतं.

मला तेव्हा कशाची भीती वाटायची याचा हिशेब सोपा नाही. लिफ्टची वाटायची. दाराच्या बेलची वाटायची. हजेरीत माझं नाव येण्याआधीच्या चार नावांची वाटायची, कारण त्यानंतर माझं येणार. आईबाबा दोघं नोकरीला. गिरगावची खोली सोडून मीरा रोडला फ्लॅट घेतला तेव्हापासून घरी मी एकटी. चावी गणवेशाच्या आत, दोऱ्याला. वर्गात मला 'म्यूट' म्हणायचे. 'ए म्यूट, पेन दे.' मी द्यायचे.

उत्तर मला यायचं. बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी यायचं. वहीच्या कडेला बारीक लिहून मी त्यावर हात ठेवायचे. मिस माझ्यामागे उभ्या असल्याने त्यांना ते दिसायचं. एके दिवशी डोक्याच्या अगदी वरून, फक्त मला ऐकू येईल असा आवाज आला, "तुझं बरोबर हाय. मला माहीत हाय, तुला माहीत हाय. तिसऱ्याला सांगायचं का न्हाय ते तू ठरव."

मी ठरवलं नाही. मिस पुन्हा कधी म्हणाल्याही नाहीत. पण वर्गात मला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्या कुणाला माहीत असणं, हे मला नवीन होतं. दुसऱ्या दिवसापासून मी हात वहीवरून थोडा बाजूला ठेवायला लागले.

मग आमच्या वर्गशिक्षिकेने सकाळच्या प्रार्थनेनंतर माइकवर सुविचार वाचायला माझं नाव घातलं. त्यांचा हेतू चांगलाच असणार. त्या सकाळी माझ्या पोटात दुखलं. दुसऱ्या दिवशीही दुखलं. खरंच दुखायचं; आईबाबा कामाला गेले की हळूहळू थांबायचं. माइकचा दिवस सरला तरी मी शाळेत गेले नाही, कारण आता का आली नाहीस असं विचारतील ही नवी भीती तयार झाली होती. भीतीचं असंच असतं. एक गेली की तिच्या जागी बसायला दुसरी आधीच रांगेत असते.

एका दुपारी बेल वाजली.

मी टीव्ही बंद केला आणि श्वासही. आईची ताकीद होती: कुणीही असो, दार उघडायचं नाही. पुन्हा बेल. मग बाहेरून आवाज आला, "केतकी, मी फिलो मिस."

आवाज त्यांचाच. पण आवाज कुणी काढूही शकतं, असं मला वाटलं. दाराच्या भिंगातून पाहिलं तर एक सावळी, कपाळावर घाम आलेली बाई, जाड भिंगांचा चष्मा. ओळखीची वाटेना. म्हटलं ना, चेहरा मला माहीत नव्हता. मी दाराला पाठ लावून खाली बसले.

समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. शेजारच्या कोकिलाबेन. "कौन छे? किससे मिलना है आपको?"

"केतकी की टीचर हूँ."

"अरे, बेबी अंदर ही है. टीवी चालू था अभी. केतकी, खोल ने बेटा! मॅडम आव्या छे!"

"नहीं नहीं, रहने दीजिए," मिस म्हणाल्या. "मम्मी ने मना किया होगा. सही किया है." मग दाराच्या अगदी जवळ, खालून, म्हणजे त्याही फरशीवर बसल्या असाव्यात, आवाज आला. "उघडू नकोस. आईने सांगितलंय ना? बरोबर सांगितलंय. मी इथेच बसते, आई येईस्तोवर. भ्या वाटतंय?"

मी दाराआड मान हलवली.

"वाटू दे. भ्या वाटलं की आधी ऐकायचं. मग बघायचं. मग हलायचं. लोक उलटं करतात, आधी पळतात. ऐक. काय ऐकू येतंय?"

मी ऐकलं. लिफ्टची घरघर. खाली भंगारवाल्याची हाक. कोकिलाबेनच्या कुकरची शिट्टी. आणि दारापलीकडे एक बाई दम लागल्यासारखा श्वास घेत होती. ती जिना चढून आली होती, हे मला तेव्हा कळलं. पाच मजले.

"मिस, लिफ्ट चालू आहे," मी म्हटलं. त्यांच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"असेल. मला त्या डब्यात भ्या वाटतं."

मग त्यांनी मला तेराचा पाढा म्हणायला लावला. मराठीत. आम्हा इंग्रजी माध्यमाच्या पोरांना त्यांनी मराठी पाढे शिकवले होते. इंग्रजी टेबलात श्वास घ्यायला जागा फार, असं त्यांचं मत. "तेराच्या पाढ्यात भ्या घुसायला फट न्हाय," म्हणायच्या. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. मी आतून, त्या बाहेरून. तेरा सकला मी अडायचे, तिथे ठेका मोडतो. बाहेरून टकटक व्हायची आणि "अठ्ठ्याहत्तर" यायचं. मग त्यांनी मला चुकलेल्या दिवसांची बीजगणितं सांगितली, मी आतून उत्तरं दिली. कोकिलाबेननी त्यांना चहा आणि खाखरा दिला असावा, कारण मध्येच कुरकुर ऐकू आली आणि बरोबर उत्तराला "हं" उशिरा आलं.

आई आली तेव्हा मिस जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, हातात खडू, आणि आमच्या दारापुढच्या फरशीवर समीकरणं. आई ओशाळली. "अगं केतकी, दार नाही का उघडायचं! स्वतःच्या बाईंना ओळखत नाहीस?"

"ओरडू नका तिला," मिस म्हणाल्या. "तिने तुमचं ऐकलं. आणि मला तरी कुठे ओळखते ती."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. कुणीही काहीही विचारलं नाही. मिसनी आधी सगळ्यांना दम भरला होता हे हर्षने मला फार नंतर सांगितलं.

आईचा त्यांच्यावर विश्वास बसला. दिवाळीच्या सुट्टीत म्हणाली, "मिस, हिला जरा माणसांत न्या हो." मिस म्हणाल्या, "माणसांत न्हाय, आधी माशांत नेते."

पालीला गेले तो दिवस आजही अंगावर येतो. सकाळी ऊन होतं. किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, बायका खाली बसून जाळी नीट करत होत्या, आणि मिस, शाळेतल्या मिस, पायात चपला न घालता माझ्यापुढे चालत होत्या. त्यांच्या घरी भाऊ अंतोन, वहिनी रिटा. अंतोन होडी घेऊन गेला होता, दुपारपर्यंत येणार होता.

दुपारी वारा फिरला. समुद्राचा रंग आधी गेला, मग आभाळाचा. बायकांनी एकही शब्द न बोलता बोंबील उतरवले. एकेक करून होड्या आल्या. अंतोनची आली नाही. फोन लागत नव्हता. संध्याकाळी वाडीतल्या बायका आपोआप आमच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. कुणी धीर दिला नाही. "येईल गं" असंसुद्धा कुणी म्हटलं नाही. सगळ्या गप्प उभ्या. मला वाटलं, ह्या रडत का नाहीत, बोलत का नाहीत. गप्प राहण्याची मला सवय होती, पण हे गप्प राहणं वेगळं होतं. कुणीतरी हातातली पाटी खाली ठेवली, तिचा आवाज झाला, तर एका म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं की मीच दचकले.

मिसनी माझा हात धरला होता. इतका घट्ट की बोटं दुखायला लागली. मी वर पाहिलं. तो चेहरा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. ओठ पांढरे पडले होते.

"मिस, तुम्ही घाबरलात?"

"हो. लई." जराही न लपवता. मग हळूच, "बोलू नको. ऐकतोय आम्ही."

तेव्हा मला कळलं. प्रत्येक होडीच्या इंजिनाचा आवाज निराळा असतो, आणि इथे घरची बाई आपलं इंजिन आवाजावरून ओळखते, होडी दिसायच्या कितीतरी आधी. अंधारात, धुक्यात, पावसात डोळ्यांचा उपयोग नाही. म्हणून सगळ्यांनी जागा करून दिली होती, त्या एका आवाजाला. शेजारच्या बाईने करायची मदत म्हणजे गप्प राहणं.

मीही ऐकायला लागले. वारा, लाटा, कुठेतरी पत्रा. त्याशिवाय काही नाही. काही नाही, हे इतका वेळ ऐकणं किती भयंकर असतं हे मला तिथे समजलं. माझ्या सगळ्या लहानसहान भीत्या, बेल, लिफ्ट, हजेरी, त्या किनाऱ्यावर कुठे गेल्या कुणास ठाऊक. एकच उरली, आणि ती माझी नव्हतीच.

मग रिटावहिनीने हात वर केला. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"आमचंच," ती म्हणाली. "खोकतंय बघ."

आणि मग मलाही आलं. दूर, चिलीम ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं खोकणारं इंजिन. मिसनी माझा हात सोडला आणि वाळूत मटकन खाली बसल्या.

अंतोन भिजून उतरला, दुसऱ्या गावच्या एका मागे पडलेल्या होडीला ओढून आणलं होतं म्हणून उशीर. सगळ्या बायकांकडे बघून म्हणाला, "डोकी धरून काय बसल्यात? जेवण हाय का न्हाय?" रिटावहिनीने हातातलं ओलं फडकं त्याच्या तोंडावर मारलं, आणि मग एकदम सगळा किनारा बोलायला लागला.

मला बसमध्ये बसवताना मिस म्हणाल्या, "आईला सांग, माशांत नेऊन आणलं."

आठवीत शाळेत नवीन सुपरवायझर मॅडम आल्या आणि वर्गावर्गांत कॅमेरे आले. कॅमेरा फळ्याच्या वर, वर्गाकडे तोंड करून. त्यात सगळ्या तासांना बाईंची पाठ दिसायची. फक्त गणिताच्या तासाला पुढे एक पोरगं धडपडताना आणि बाई पार मागे. कुणा पालकांनी तक्रार केली की आम्ही फी भरतो ती पोरांनी पोरांना शिकवायला नाही. मॅडमनी मिसना सांगितलं, पुढे उभं राहायचं. नवा स्मार्ट बोर्ड घेतलाय तो वापरायचा. पाठीमागे फिरायचं नाही. चालू वर्षासाठीच मिसचा करार होता, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं; पण मॅडम दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, त्यावरून काहीतरी मोठं टांगणीला आहे एवढं कळत होतं.

मिस आल्या. बॅग ठेवली. पाय सवयीने बाकांकडे वळले, थांबले. त्या फळ्यापाशी गेल्या आणि आमच्याकडे वळल्या.

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. नुसतं बघत होता, दुसरं काही नाही. मिसनी तोंड उघडलं. काही आलं नाही. एका हाताने टेबलाची कड धरली. तेच पांढरे ओठ. किनाऱ्यावरचे.

कुणीतरी मागे खुसखुसलं. हर्षने त्याला कोपर मारलं. मिसच्या कपाळावर घाम आला. माझ्या मनात आलं, ह्यांना इंजिन ऐकू येत नाहीये. विचित्र विचार, पण तसाच आला.

त्यानंतर जे झालं ते मी धीर करून केलं असं म्हणणं खोटं होईल. मला त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी उठले. बाकांमधून पुढे गेले आणि हात पुढे केला. मिसनी खडू माझ्या हातात ठेवला. दोघींच्याही बोटांचा घाम त्याला लागला. मग त्या चालत गेल्या आणि शेवटच्या बाकावर, खिडकीकडे, माझ्या जागेवर बसल्या.

मी वर्गाकडे पाठ करून फळ्यावर समीकरण लिहिलं. पहिली पायरी तोंडाने सांगितली. सांगितली म्हणजे ओठ हलवले.

"मोठ्याने," मागून आवाज आला. स्थिर. रोजचा. "मागे ऐकू येत न्हाय."

मी मोठ्याने म्हटलं. त्या शाळेत माझा आवाज पहिल्यांदा भिंतीवर आपटून परत आला. तो मला आवडला नाही, फार बारीक होता. पण मी पुढची पायरी म्हटली, आणि त्याच्या पुढची.

गोष्टीत असतं तर मॅडम विरघळल्या असत्या. त्या निघून गेल्या आणि मार्चनंतर मिसचा करार वाढला नाही. मिस पालीला घरीच शिकवण्या घ्यायला लागल्या. दहावीपर्यंत दर रविवारी मी तिथे जायचे. एकदा त्यांना विचारलं, मागून शिकवायची पद्धत तुम्हाला कुणी शिकवली?

त्या बोंबील निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "कसली पद्धत गं? मला माणसांच्या तोंडांचं भ्या वाटतं. पहिल्यापासून. पहिल्या वर्षी पुढे उभी राहिले तर तास संपल्यावर ओकारी आली. मग म्हटलं, मागे जाऊन बघू. मागून नुसत्या माना दिसतात. मानांचं भ्या वाटत न्हाय." पुढचा बोंबील उचलत म्हणाल्या, "आणि मागे गेल्यावर बघितलं, माझ्यासारखी अजून एकदोन तिथेच बसलेली असतात."

एवढी वर्षं मला वाटत होतं की न भिणारं कुणीतरी माझ्या पाठीशी उभं होतं.

मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले. फोन व्हायचे. मग त्यांचा आवाज बसायला लागला. सर्दी, म्हणाल्या. मग घसा, म्हणाल्या. शेवटी रिटावहिनीचा फोन आला: घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढायचं ठरलंय. जीव वाचेल म्हणतात. आवाज नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मी हॉस्पिटलात होते. मिस चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, हिरव्या झग्यात खूप लहान दिसत होत्या. आवाज म्हणजे नुसती खरखर राहिली होती. ढकलायला आलेल्या माणसाला मी विचारलं, दारापर्यंत मी नेऊ का? तो म्हणाला, न्या.

मी मागे उभी राहिले आणि खुर्ची ढकलायला लागले. त्यांची मान दिसत होती. पिकलेले बारीक केस, मानेवर जुना तीळ. लांब पॅसेज, फिनेलचा वास, टोकाला दोन बंद दारं.

"केतकी, भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या.

"मलाही, मिस."

"मागेच हायस ना?"

"आहे."

"मग बोल कायतरी. ऐकू दे."

माझ्याजवळ बोलण्यासारखं कधीच फारसं नसतं. मी तेराचा पाढा सुरू केला. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. त्या खरखरत्या आवाजात बरोबर म्हणायला लागल्या. तेरा सकला मी मुद्दाम थांबले. त्यांनी खुर्चीच्या हातावर टकटक केली आणि म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तर." मी त्यांच्या आवाजात ऐकलेला तो शेवटचा शब्द. दारं उघडली, तो माणूस पुढे झाला आणि मला खुर्चीची मूठ सोडावी लागली.

त्यानंतर त्या दोनेक वर्षं होत्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पालीला, एका रविवारी सकाळी. न कळवता गेले होते. ओटीवर चपला पडलेल्या, लहान लहान. आतून पोरांचा गलका येत होता. मी दारातच थांबले.

पोरं जमिनीवर बसली होती, पाठ माझ्याकडे. आणि मिस पुढे उभ्या होत्या. भिंतीला टेकून, गळ्याभोवती सुती रुमाल, तोंड पोरांकडे. मागे उभं राहून आता भागणार नव्हतं. आवाज नव्हता; जे सांगायचं ते चेहऱ्याने आणि हातांनी. बरोबर उत्तराला भुवया वर, चुकलं तर खाली. हर्षला हवा होता तसा वर्ग. पोरं टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होती, सगळीच्या सगळी, आणि मिसचा एक हात टेबलाच्या कडेला घट्ट होता. बोटांची पेरं पांढरी झालेली मला दारातून दिसत होती.

पाढा चालला होता. मिस बोटं दाखवायच्या, पोरं म्हणायची. पाच बोटं. "तेरा पंचे पासष्ट!" त्याच हाताने पाच, मग आणखी एक. "तेरा सक..." आणि पोरं अडकली. मिसनी वाट पाहिली. त्यांचे ओठ हलले, पण त्यातून काही येणार नव्हतं. एक पोरगी हसली. दुसरं कुणीतरी चुळबुळलं. ती सगळी तोंडं त्यांच्याकडे वर करून बसली होती आणि टेबलावरचा हात आणखी आवळला.

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हटलं. मोठ्याने.

पोरांच्या माना गर्रकन मागे वळायला लागल्या. मिसनी मला पाहिलं. मग टेबलाची कड सोडली, तो हात वर केला आणि एक बोट स्वतःच्या चेहऱ्याकडे नेलं. ओठांनी काही म्हणाल्या. आवाज नव्हता, पण काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं: "माझ्याकडे."

माझ्याकडे पाठ करून पोरं पुन्हा पुढे बघायला लागली. मिसनी सात बोटं वर धरली. दोन्ही हात मोकळे होते.